पंचविसाव्या देशाऐवजी: एका दांपत्याच्या युरोप-निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील दांपत्य पुण्यात राहते. बाई माझ्या शाळेत संस्कृत शिकवत असत आणि निवृत्त होऊन काही वर्षे झाली तरी जुने विद्यार्थी त्यांना ‘बाई’च म्हणतात. त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे कोल्हापूरचे. त्यांना येथे आप्पा म्हटले आहे. ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदलले आहेत. मी लहान प्रमाणावर परदेश प्रवासाची आखणी करून देतो. बाईंकडून त्याचे पैसे घेणे मला जमले नाही, हेही नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्या काही चुका सांगायच्या आहेत आणि त्या फुकटच्या कामात झाल्या म्हणून क्षम्य ठरत नाहीत.

दोघांचा प्रवासाचा अनुभव मोठा होता. २०११ मध्ये ‘बारा दिवसांत सात देश’ छापाची सहल झाली आणि त्यानंतर पुन्हा सहलीच्या बसमध्ये बसायचे नाही, असे बाईंनी जाहीर केले. २०१६ मध्ये इटली, २०१८ मध्ये प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट आणि २०२३ मध्ये स्पेन-पोर्तुगाल हे प्रवास त्यांनी स्वतः तिकिटे काढून केले. फ्रिजच्या दारावर आप्पांनी पाहिलेल्या देशांची यादी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा त्या यादीत आशिया धरून एकवीस नावे होती, आणि पासष्टी पूर्ण झालेल्या आप्पांना पंचविसाचा आकडा गाठायचा होता. बाईंचा उजवा गुडघा मधल्या काळात कुरकुरू लागला होता. जाण्याचा महिना सप्टेंबर ठरला होता, दिवस सोळा-सतरा, आणि दोघांचा मिळून खर्च सहा लाखांच्या आत बसवायचा होता.

प्रश्न नेमका कोणता होता

पहिल्या बैठकीत प्रश्न ‘कुठे जायचे’ असा मांडला गेला आणि त्यावर दीड तास काहीही ठरले नाही. पहिल्यांदा युरोपला जाणाऱ्याचे काम त्या मानाने सोपे असते. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम ही नावे आधीच ठरलेली असतात आणि आखणी करणाऱ्याने फक्त क्रम लावायचा असतो. चार-पाच वेळा जाऊन आलेल्यांच्या बाबतीत मात्र उरलेले सगळेच देश सारख्या अंतरावर दिसू लागतात, आणि मग कोणी टाकलेला एखादा फोटो किंवा स्वस्त तिकीट निर्णय करून जाते.

बाईंना प्रत्येक प्रवासाची हिशेबाची वही ठेवण्याची सवय आहे. २०१८ ची वही मी मागून घेतली ती खर्चाचा अंदाज बांधण्यासाठी, पण तिच्यात दुसरेच काही सापडले. चौदा दिवसांत त्यांनी सात ठिकाणी मुक्काम केला होता. प्रत्येक मुक्कामबदलाच्या दिवशी बॅग भरणे, स्टेशन गाठणे, नव्या ठिकाणी खोली ताब्यात मिळेपर्यंत सामान सांभाळत बसणे, यात दुपार जाई. अशा दिवसांसमोर वहीत टॅक्सी, लॉकर आणि कॉफी यांपलीकडे खर्चच नव्हता. कुठलेही संग्रहालय, बाजार किंवा बागेचे तिकीट नव्हते. आम्ही अशा दिवसांना ‘बॅग-दिवस’ असे नाव दिले. २०२३ च्या वहीत पोर्टो येथे सलग पाच रात्री राहिल्याची नोंद होती, आणि त्या पाच पानांच्या समासात बाईंनी बारीक अक्षरात इतके काही लिहिले होते की हिशेब शोधावा लागत होता.

त्यामुळे दुसऱ्या बैठकीत प्रश्न बदलला. बॅग-दिवस चारच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि जिथे जाऊ तिथे दोघांपैकी एकाला तरी आधीपासून काही धागा असावा, या दोन अटी ठरल्या. आप्पांना पहिली अट मान्य होती, पण तिच्यामुळे आपली यादी अडचणीत येते, हे त्यांच्या लगेच लक्षात आले.

तपासलेले पर्याय

चार पर्याय गांभीर्याने पाहिले. नॉर्वेचा पर्याय लवकर गळाला. तेथील निसर्गाबद्दल वाद नव्हता, पण फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, बघण्यासाठी बस, बोट आणि रेल्वे अशी साखळी रोज जोडावी लागते, आणि अंदाजपत्रक पहिल्याच कच्च्या बेरजेत सहा लाखांवर गेले.

अझोर्स हा बाईंचा आवडता पर्याय होता. अटलांटिकमधील ही नऊ बेटे पोर्तुगालची आहेत. त्यांपैकी साओ मिगेलवर १८८३ पासून चालू असलेला चहाचा मळा आहे, आणि फुर्नास येथे मांस-भाज्यांचे भांडे जमिनीत पुरून ज्वालामुखीच्या उष्णतेवर शिजवतात. एकाच बेटावर दहा दिवस राहता आले असते, म्हणजे बॅग-दिवस जवळजवळ शून्य. आप्पांचा आक्षेप मात्र एका वाक्याचा होता: “हा मोजायचा कसा? पोर्तुगाल तर झालाय.” सगळे हसले, हसण्यावारी गेलेला तो आक्षेप खरा होता, आणि बाईंनीच नंतर हवामान व निसरड्या पायवाटा यांचे कारण देऊन हा पर्याय पुढच्या वर्षांसाठी ठेवला.

तिसरा पर्याय बाल्कनचा: बोस्निया, माँटेनेग्रो, अल्बानिया आणि उत्तर मॅसेडोनिया. चार देश एका फटक्यात, म्हणजे एकविसाचे थेट पंचवीस. १९९३ मध्ये युद्धात कोसळलेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिलेला बोस्नियातल्या मोस्तारचा पूल आप्पांना पाहायचा होता, आणि ते कारण माझ्या मते यादीपेक्षा कितीतरी चांगले होते. पण हे देश शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहेत. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तिथे वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येते, ही सोय बऱ्याच जणांना माहीत असते. तो व्हिसा सामान्यतः अनेक प्रवेशांचा लागतो, आणि अल्बानियासाठी तर तो आधी एकदा वापरलेला असावा लागतो, हे कमी जणांना माहीत असते. व्हिसा हातात पडेपर्यंत तो एका प्रवेशाचा आहे की अनेक, हे कळत नाही. म्हणजे सगळा आराखडा एका न कळणाऱ्या गोष्टीवर उभा राहणार होता. शिवाय बॅग-दिवस सात होत होते.

चौथा पर्याय पोलंडचा, आणि तो आप्पांकडून आला. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या वॉर्सा भेटीच्या बातम्यांत तेथील कोल्हापूर स्मारक दाखवले गेले आणि आप्पांना घरातले जुने बोलणे आठवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती; सोव्हिएत राजवटीने पोलंडच्या पूर्व भागातून त्यांना सैबेरियाकडे हाकलले होते आणि ते इराणमार्गे भारतात पोचले होते. छावणी उठल्यावर त्या जागी सिंधी निर्वासित आले, आणि आज कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर तिथे वसले. आप्पांचे आजोबा छावणीत दूध घालत. ‘पोलंडवाल्या बायका दुधाचे भांडे उन्हात पालथे घालून वाळवायच्या’, एवढे एक वाक्य घरात उरले होते.

पोलंडला लिथुएनिया जोडण्याची कल्पना बाईंची. लिथुएनियन ही संस्कृतच्या कुळातल्या, आजही बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी जुनी रूपे विशेष जपून ठेवणारी भाषा मानली जाते, आणि भाषाशास्त्राच्या पुस्तकांत संस्कृतशेजारी तिचे दाखले हमखास येतात: अग्नीला उग्निस, धुराला दूमस, मुलाला म्हणजे सूनूला सूनुस, मेंढीला म्हणजे अवीला अविस. बाईंनी ही यादी तीस वर्षे फळ्यावर लिहिली होती. त्यांतला एकही शब्द कोणाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. दोन्ही देश जोडून पाहण्याला इतिहासाचाही आधार होता. १५६९ च्या लुब्लिन करारापासून १७९५ पर्यंत पोलंड आणि लिथुएनिया यांचे एकच संयुक्त राज्य होते.

निर्णय आणि व्हिसाचे गणित

मार्चअखेर चौथा पर्याय पक्का झाला. पोलंडमधल्या क्राकोव्हमध्ये पाच रात्री, वॉर्सात पाच, लिथुएनियाची राजधानी व्हिल्निअसमध्ये पाच आणि परतीच्या विमानासाठी वॉर्सात एक. बॅग-दिवस बरोबर चार. यादीत दोनच देशांची भर पडणार होती. आप्पांनी ‘तेवीस हाही वाईट आकडा नाही’ असे म्हणून विषय मिटवला.

शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो. पहिल्या आराखड्यात दोन्ही देशांच्या रात्री जवळपास सारख्या होत्या. अशा वेळी जिथे प्रथम प्रवेश होईल तो देश धरतात, पण सीमारेषेवरचा अर्ज करून शंकेला जागा ठेवण्यापेक्षा रात्रींची वाटणी अकरा-पाच अशी स्पष्ट केली. दुसरा मुद्दा दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा होता. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा मिळू शकतो. आप्पांना आपण त्यात बसतो असे वाटत होते. पण २०१८ चा व्हिसा केव्हाच मुदतीबाहेर गेला होता आणि हिशेबात २०२३ चा एकटाच उरत होता. शिवाय आप्पांचा पासपोर्ट मार्च २०२६ मध्ये संपणार होता. या प्रवासाला तो पुरेसा होता, कारण युरोपातून बाहेर पडल्यानंतर तीन महिने तो चालू असावा एवढीच अट आहे. नव्या पासपोर्टसाठी थांबायचे नाही, असे ठरले. माणशी ९० युरो शुल्क भरून जूनमध्ये अर्ज केले आणि जुलैत व्हिसा आले, एका प्रवेशाचे. बाल्कनचा आराखडा त्याच दिवशी कोसळला असता.

प्रत्यक्ष प्रवास

३ सप्टेंबरला दोघे वॉर्साला उतरून त्याच दिवशी रेल्वेने क्राकोव्हला पोचले. तिथला एक निर्णय आधीच झालेला होता: व्हिएलिच्काची मिठाची खाण पाहायची नाही. वर येताना लिफ्ट असते, पण आत शिरताना सुरुवातीलाच पावणेचारशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. आप्पा एकटे जाऊन आले. त्या दुपारी बाई मुख्य चौकात बसून होत्या. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजणारी आणि मध्येच तुटणारी तुतारी त्यांनी तीन वेळा ऐकली.

खाण्याचा प्रश्न मी गृहीत धरला होता त्याहून अवघड निघाला. पोलंडमध्ये ‘बार म्लेच्नी’ म्हणजे दूधबार नावाच्या साध्या, स्वस्त खानावळी असतात आणि शाकाहारी माणसाची तिथे सोय होते, असे मी लिहून दिले होते. ‘पिएरोगी रुस्किए’ ही उकडलेल्या करंज्यांसारखी वस्तू, आत बटाटा आणि पनीरसारखे दह्याचे चोथा-चीज. पहिल्याच ताटलीवर परतलेल्या कांद्यासोबत डुकराच्या चरबीचे तळलेले कण पसरून आले. ती ताटली आप्पांनी संपवली. काउंटरवरच्या मुलीने कागदावर शब्द लिहून दिला, बाईंनी तो देवनागरीत उतरवून घेतला, ‘बेस स्क्फारेक’, म्हणजे त्या कणांशिवाय; आणि पुढचे दहा दिवस ती चिठ्ठी पर्समध्ये राहिली. भाजीच्या सूपमध्ये मांसाचे पाणी असते का, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते, हेही तिथेच समजले.

वॉर्सात ९ तारखेला सकाळी ते कोल्हापूर स्मारकापाशी गेले. आप्पांनी पाठवलेल्या फोटोत दगड, फलक आणि त्यांच्या हातातली कापडी पिशवी दिसते; त्या पिशवीवर कोल्हापूरच्या एका दुकानाचे नाव आहे. ती मुद्दाम नेली होती का, हे मी विचारले नाही.

१० सप्टेंबरचा निर्णय

त्याच रात्री, ९ आणि १० सप्टेंबरच्या दरम्यान, रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, त्यांतले काही पाडण्यात आले, आणि वॉर्साचा शोपँ विमानतळ काही तास बंद राहिला. दोघांना हे पुण्याहून मुलीने पहाटे फोन केला तेव्हा कळले. पुढचा टप्पा १३ तारखेचा होता. व्हिल्निअस बेलारूसच्या सीमेपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे, तिकडे जाणारी रेल्वे बेलारूस आणि कालिनिनग्राद हा रशियाचा तुटक प्रदेश यांच्यामधल्या सुवाल्कीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जाते, आणि १२ ते १६ सप्टेंबर या काळात रशिया-बेलारूसच्या लष्करी कवायती ठरलेल्या होत्या. पोलंडने १२ तारखेपासून बेलारूसची सीमाही बंद केली. व्हिल्निअसची खोली पैसे न जाता रद्द करण्याची मुदत ११ तारखेला दुपारी संपत होती.

मुलीचे म्हणणे ताबडतोब परत या असे होते. माझा सल्ला व्हिल्निअस सोडून रेल्वेने ग्दान्स्कला जावे आणि ते पाच दिवस समुद्रकाठी काढावेत असा होता. खोल्या मी पाहूनही ठेवल्या. विम्याच्या कागदात युद्धजन्य कारणांचा अपवाद होता, म्हणजे विमाने थांबून अडकून पडावे लागले तर खर्च स्वतःचा. आप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या आहेत, हे मोजले. परतीच्या तारखेनंतर दहा दिवस पुरतील एवढ्या होत्या.

बाईंनी मला फोनवर एकच काम सांगितले: “तिकडची शाळा भरलीय का, ते विचार.” व्हिल्निअसच्या घरमालकिणीला मी तसे विचारले. तिचे उत्तर आले की मुलगा शाळेत गेला आहे, आणि तुम्ही कितीच्या गाडीने येता ते सांगा म्हणजे किल्ली द्यायला थांबते. रेल्वे वेळेवर धावत असल्याची खात्री करून दोघांनी जायचे ठरवले. मी असतो तर गेलो नसतो. प्रवास सुखरूप झाला म्हणून त्यांचा निर्णय बरोबर आणि माझा चूक, असे मात्र मी मानत नाही. हाती असलेल्या माहितीवर दोन्ही निर्णय समर्थनीय होते.

१३ तारखेच्या रेल्वेत दिवस गेला. लिथुएनियात शिरल्यावर मोत्स्कावा नावाच्या छोट्या स्टेशनावर गाडी बदलावी लागते, कारण तिथे रुळांची रुंदी बदलते: पोलंडकडे १४३५ मिलिमीटर, लिथुएनियाकडे १५२०. मिरज-कोल्हापूरचे रुंदीकरण पाहिलेल्या आप्पांनी आपली १६७६ ही संख्या सहप्रवाशाला सांगून पाहिली.

निष्पत्ती

व्हिल्निअसच्या पाच दिवसांत बाईंची वही पुन्हा समासापर्यंत भरली. बाजारात मधाच्या बरणीवर ‘मॅदुस’ लिहिलेले पाहून त्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला, मग ‘मधु’ म्हटले, आणि विक्रेत्या आजीबाईंनी उच्चार सुधारण्यासाठी तो दोनदा म्हणून दाखवला; समोरच्याला आपण चुकीचे बोललो असे वाटले, हे बाईंना फार आवडले. ताकासारख्या केफिरात बीट, काकडी आणि शेपू घातलेले गुलाबी थंड सूप, अंडे वगळून, गरम बटाट्यांबरोबर त्यांनी चार वेळा घेतले. त्रकाइचा तळ्यातला किल्ला पाहिला. लिथुएनियातल्याच काउनास शहराला जायचे राहिले. एकूण खर्च पाच लाख सत्तर हजारांपर्यंत गेला. फ्रिजवरच्या यादीत दोन नावे वाढली, आणि आप्पांनी पोलंडपुढे कंसात ‘वळिवडे’ लिहिले.

वेगळे काय करता आले असते

परतीचे तिकीट वॉर्साहूनच काढणे ही माझी ठळक चूक. जाताना वॉर्सा आणि येताना व्हिल्निअस अशी जोडणी मी महाग म्हणून सोडली. तो फरक, परतीची बस, वॉर्सातली जादा रात्र आणि एक वाया गेलेला दिवस यांची बेरीज केली असती तर ती महाग ठरली नसती. ज्या बॅग-दिवसांचा मी एवढा गाजावाजा केला, त्यांतला चौथा मीच निर्माण केला होता.

त्याच बसमध्ये दुसरी चूक उघड झाली. शेंगेनच्या आत सीमेवर कोणी पासपोर्ट पाहत नाही, असे मी सांगितले होते. पण पोलंडने ७ जुलै २०२५ पासून लिथुएनिया आणि जर्मनी यांच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली होती, आणि मी मार्चमध्ये लिहिलेले टिपण ऑगस्टमध्ये पुन्हा तपासले नाही. पासपोर्ट बसच्या पोटातल्या बॅगेत होते. आप्पांना सगळ्या प्रवाशांदेखत खाली उतरून, तीन बॅगा बाजूला काढून, रस्त्याच्या कडेला कुलूप उघडावे लागले.

नव्या पासपोर्टसाठी न थांबण्याचा निर्णय मी आज वेगळा घेतला असता की नाही, याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. खाण्याची माहिती मात्र ऐकीव न ठेवता पदार्थागणिक लिहून द्यायला हवी होती.

सर्वांत मोठी त्रुटी १० सप्टेंबरच्या संदर्भातली आहे. काय घडले तर पुढे जायचे नाही, हे पुण्यात शांतपणे बसून ठरवता आले असते. कवायतींच्या तारखा तर आधीच जाहीर होत्या. ते न केल्यामुळे तीन ठिकाणी बसलेल्या चार माणसांना, त्यांतल्या दोघांची झोपमोड होऊन, एका दुपारच्या मुदतीत हे ठरवावे लागले. अझोर्सच्या आराखड्याचा पहिला कागद आता तयार आहे. त्यात तारखांच्या शेजारी ‘कशाने परत फिरायचे’ असा एक रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय तिकीट काढू नकोस, असे बाईंनी बजावले आहे.